चार हजार हर्ट्झ आणि गप्प न्यूरॉन

नागपूर जिल्ह्यातल्या कुही, मांढळ, वेलतूर या पट्ट्यात कंबर धरली किंवा खांदा आखडला की बाया दवाखान्यात जाऊन 'करंट लावून' घेतात. फिजिओथेरपीत या उपचाराला इंटरफेरेन्शियल थेरपी म्हणतात. १९५०च्या आसपास ऑस्ट्रियात हान्स नेमेक यांनी ही पद्धत पुढे आणली, आणि आज तालुक्याच्या गावातही तिचे यंत्र भेटते. दुखऱ्या जागेभोवती चार पॅड लावतात. एका जोडीतून सेकंदाला ४००० आवर्तनांचा प्रवाह सोडतात, दुसरीतून ४१०० आवर्तनांचा. दोन्ही लहरी शरीरात जिथे एकमेकींत मिसळतात तिथे त्यांचा जोर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. नसेला हा १०० चा ठोका जाणवतो आणि ४००० ची थरथर जाणवत नाही, असा त्यामागचा हिशेब.

कुहीच्या एका गणिताच्या प्राध्यापिकेला तिच्या संशोधनाचा विषय या यंत्राने दिला. नागपुरात एम.एस्सी. करून ती पदवीच्या मुलांना विकल समीकरणे शिकवत होती. आईचे आयुष्य मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडायच्या आवारात, गेलेले; दिवसभर बसून देठ खुडण्यात कंबर गेलेली. आईला करंट लावायला ती घेऊन जायची. यंत्र लावणाऱ्या मुलाने एकदा चार हजारांचा आकडा सांगितला आणि घरी येताना आईने विचारले, "चार हजार वेळा करंट जाते म्हन्ते तो पोरगा. मले त नुसत्या मुंग्या येते. बाकीचा करंट जाते कुठी व?"

प्रश्न अगदी नेमका होता. नस एकदा पेटली की साधारण एक मिलिसेकंद ती पुन्हा पेटूच शकत नाही. म्हणजे सेकंदाला हजार ही कल्पनेतली कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात काही शेकड्यांच्या पुढे गाडी क्वचितच जाते. मग सेकंदाला चार हजार वेळा उलटसुलट होणाऱ्या सिग्नलचे न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, करतो काय? त्या सिग्नलची सरासरी शून्य. जितका पुढे ढकलतो तितकाच मागे ओढतो. शाळेतले गणित म्हणेल, परिणामही शून्य.

पण सातऱ्यावर वाढलेल्या माणसाला ते पटणे कठीण. मिरची आली की आवारात लाल ढीग पडतात आणि बाया त्याभोवती बसून देठ खुडतात. ठसका, शिंका, डोळ्यांतून पाणी हे रोजचेच. नवीन बाईचे हात पहिल्या दिवसांत इतके जळतात की तिला रात्री झोप लागत नाही. हात गरम झालेले नसतात, भाजलेले नसतात, तरी नस मेंदूला सांगत राहते की आग लागली आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये यामागचे दार शोधून काढले. वेदनावाहक नसेच्या पटलावर टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन असते. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर ते उघडते, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही तेच उघडते. दार उघडले की धनभारित आयन आत शिरतात आणि नस पेटते. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले, अर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत.

सातऱ्यावरच्या बायांना यापुढची गोष्टही माहीत असते. "मंग सवय होते," त्या म्हणतात. ही सवय केवळ मनाची नाही. कॅप्सेसिनचा मारा चालू राहिला की ते दार प्रतिसाद देणे कमी करते आणि नसेचा तो भाग काही काळ बधिर होतो. नसांच्या दुखण्यावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात, ती याच गुणावर. प्राध्यापिकेच्या मनात हे पक्के बसलेले होते: नसेला जास्त चेतवले म्हणजे ती जास्त बोलेलच असे नाही, ती गप्पही बसू शकते. मिरचीने येणारी बधिरता आणि विजेच्या थरथरीने येणारी बधिरता यांची यंत्रणा वेगळी आहे, हे तिला ठाऊक होते. पण चेतवण्याच्या मार्गाने गप्प करता येते, ही शक्यता तिला पुस्तकातून शिकावी लागली नाही. रशियन शरीरशास्त्रज्ञ निकोलाय व्वेदेन्स्की यांनी १८८०च्या दशकात हेच विजेबाबत नोंदवले होते. ठराविक वेगाने झटके दिले की स्नायू आकुंचन पावतो. झटक्यांचा वेग फार वाढवला की उलट सैल पडतो.

आता हे समीकरणात कसे उतरते ते पाहायचे होते.

न्यूरॉनच्या समीकरणांची गोष्ट ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांच्यापासून सुरू होते. माखळी जातीच्या समुद्री जीवाचा एक चेतातंतू अर्धा-एक मिलिमीटर जाड असतो, म्हणजे आत तार घालून विद्युतदाब मोजता येईल इतका. त्यावर काम करून दोघांनी १९५२ मध्ये चार समीकरणांचे मॉडेल मांडले. त्यात सोडियमचे दार आहे, पोटॅशियमचे दार आहे, आणि कोणते दार विद्युतदाबाबरोबर किती वेगाने उघडते-मिटते त्याची मोजलेली सूत्रे आहेत. केंब्रिजचा संगणक त्या वेळी मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता. हक्स्ली यांनी सारे गणित ब्रुन्सविगा नावाच्या हाताने फिरवायच्या यंत्रावर केले. ठोका तंतूतून सेकंदाला १८.८ मीटर वेगाने धावेल, असे उत्तर आले. प्रयोगात मोजलेला वेग होता २१.२ मीटर. प्राध्यापिका हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि काही क्षण काहीच बोलत नाही. हँडल फिरवून काढलेले उत्तर जिवंत नसेच्या इतके जवळ जाते, हे मुलांना आधी नीट दिसू द्यावे असे तिला वाटते.

चार समीकरणे कागदावर हाताळणे अवघड. म्हणून १९६१ मध्ये रिचर्ड फिट्झह्यू यांनी त्यांचा गाभा दोन समीकरणांत आणला, आणि पुढच्या वर्षी जपानच्या जिन-इची नागुमो व सहकाऱ्यांनी टनेल डायोड वापरून त्याचे विद्युत-मंडल बांधले. फिट्झह्यू–नागुमो मॉडेलमध्ये एक चल विद्युतदाबाचा, झटपट बदलणारा. दुसरा सावरण्याचा, संथ. पहिल्या समीकरणात चलाचा घन येतो, त्यामुळे आलेखाला चढ, उतार आणि पुन्हा चढ असा नागमोडी आकार मिळतो. न्यूरॉनचे पेटणे आणि विझणे या वळणातून येते. वळण काढून टाकले तर न्यूरॉन उरत नाही.

प्राध्यापिकेने या समीकरणात वेगवान साइन लहर मिसळली. इथे एक व्यावहारिक अडचण असते. १० किलोहर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन ०.१ मिलिसेकंदात संपते. न्यूरॉनच्या गणितात संगणकाला सहसा ०.०१ मिलिसेकंदाची पायरी देतात; म्हणजे एका आवर्तनाला जेमतेम दहा ठिपके, आणि ५० किलोहर्ट्झला दोनच. दोन ठिपक्यांवर साइन लहर उभी राहत नाही. संगणक वेगळ्याच लहरीचे गणित करून देतो आणि चित्र मात्र सुबक काढतो. म्हणून तिने पायरी आवर्तनाच्या शंभराव्या भागाइतकी ठेवली. एकेक आलेख यायला वेळ लागे. कुहीत संध्याकाळी वीज गेली की चालू गणित अर्धवट राहू नये म्हणून ती दर टप्प्याला उत्तरे साठवून ठेवायची.

त्या वाट पाहण्यात तिने वही उघडली आणि सरासरीची पद्धत वापरली. ही पद्धत भौतिकशास्त्रात चांगली रुळलेली आहे. पायोत्र कपित्सा यांनी १९५१ मध्ये दाखवले होते की लंबकाचा आधार वरखाली पुरेशा वेगाने थरथरवला तर लंबक उलटा, डोके वर करून, उभा राहू शकतो. थरथरीची सरासरी शून्य, तरीही जे कोसळायला हवे ते स्थिर होते. तिच्या घरात याहून जुना दाखला होता. सूप पुढेमागे सारखेच हलते, तरी कोंडा एकीकडे जातो आणि दाणा दुसरीकडे.

वहीतले गणित असे. विद्युतदाबाचे दोन भाग करायचे: एक संथ, दुसरा लहरीबरोबर थरथरणारा. थरथरीचा आकार म्हणजे लहरीचा आयाम भागिले तिची कोनीय वारंवारिता. या गुणोत्तराला 'र' म्हणू. हे दोन भाग समीकरणात घालून एका आवर्तनाची सरासरी घेतली की सरळ पदांमधली थरथर पुसली जाते. घन मात्र तिला पुसू देत नाही. घनातून एक जादा पद उरते आणि ते नागमोडी आलेखाच्या मधल्या भागाचा उतार कमी करते. जिथे गुणक १ होता तिथे १ उणे र-वर्गाचा अर्धा येतो. र दोनाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४१ झाला की तो गुणक शून्य होतो आणि वळण पार सपाट होते. तिथे पेटणे-विझणे संपले.

या एका ओळीतून दोन गोष्टी निघतात. पहिली, परिणाम फक्त गुणोत्तरावर ठरतो. वारंवारिता दुप्पट केली तर तोच परिणाम मिळवायला आयामही दुप्पट लागेल. दुसरी, सिग्नल ऐकू येत नसला तरी तो न्यूरॉनचा स्वभाव बदलतो. ठोका मारायला कितपत तयार राहायचे, ते तो ठरवतो.

तिला खरा आनंद दिला तो पुढच्या आलेखाने. मॉडेलच्या तीन स्थिरांकांची नेहमीची मूल्ये घेतली, ०.७, ०.८ आणि ०.०८, आणि बाहेरून येणारा स्थिर प्रवाह ०.३ ठेवला. एवढ्या प्रवाहावर हा न्यूरॉन शांत असतो; पेटायला सुमारे ०.३३ लागतो. मग वेगवान लहर हळूहळू वाढवली. र सुमारे ०.४५ ला पोचला आणि शांत न्यूरॉन आपणहून ठोके मारू लागला. लहर आणखी वाढवली; ठोके चालू राहिले. र १.०५ च्या पुढे गेला आणि न्यूरॉन पुन्हा शांत झाला. एकच लहर, एकच न्यूरॉन. आधी जागा होतो, मग झोपतो. आधीपासून ठोके मारणारा न्यूरॉन घेतला, प्रवाह ०.५ चा, तर त्याला गप्प करायला र १.२८ च्या आसपास न्यावा लागतो.

हे केवळ कागदावरचे म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केविन किलगोर आणि निलॉय भद्रा यांनी २००४ मध्ये आणि नंतर प्राण्यांच्या नसांवर किलोहर्ट्झ प्रवाह लावून तेच पाहिले. लहर सुरू करताच आधी ठोक्यांचा भडका उडतो, स्नायू आखडतो. मग नसेतून संदेश जाणे थांबते. जोर पुरेसा नसेल तर नस थांबत नाही, उलट चेतत राहते. उंदराच्या सायटिक नसेवर १० ते ३० किलोहर्ट्झदरम्यान नस बंद पाडायला लागणारा जोर वारंवारितेबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढत गेला. वहीतले गुणोत्तर तेच सांगत होते. आणि प्रवाह बंद केला की नस पूर्ववत होते, हा या पद्धतीचा मोठा गुण.

मात्र साधे मॉडेल निवडताना सावध राहावे, हेही तिला याच कामात उमगले. न्यूरॉनचे सर्वांत साधे मॉडेल लुई लापीक यांच्या १९०७ च्या कल्पनेतून आलेले: विद्युतदाब साठत जातो, उंबरठ्याला टेकला की ठोका, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. यात घन नाही, वळण नाही. यात वेगवान लहर मिसळली की लहरीचा शेंडा उंबरठ्याला लवकर टेकतो, म्हणून न्यूरॉन लवकर पेटतो. लहर कितीही वाढवा, तो कधीच गप्प होत नाही. मोठ्या जाळ्यांचे गणित करताना हे मॉडेल स्वस्त पडते म्हणून सर्रास वापरतात. किलोहर्ट्झच्या प्रश्नासाठी ते वापरणे चूक आहे, असे तिचे स्पष्ट मत आहे, आणि ते आलेखावर दाखवता येते.

हॉजकिन–हक्स्ली धर्तीच्या सविस्तर मॉडेलांतही सारे सुटलेले नाही. नस बंद का पडते? क्लीव्हलँडच्या गटाच्या गणितानुसार पटलाचा विद्युतदाब सरासरीने वर चढून राहतो, सोडियमची दारे उघडून मग मिटतात आणि मिटलेलीच राहतात. पिट्सबर्गच्या चांगफेंग ताई यांच्या गणितानुसार पोटॅशियमची दारे सतत उघडी राहतात आणि ठोक्याला वर उठू देत नाहीत. दोन्ही बाजूंचे गणित शुद्ध आहे. फरक पडतो तो कोणत्या प्राण्याच्या नसेची, कोणत्या तापमानाची सूत्रे घेतली यावर. हा वाद कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की किलोहर्ट्झ प्रवाहाची, माणसांत बसवायची यंत्रेही याच प्रश्नाशी निगडित आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये पाठदुखीसाठी १० किलोहर्ट्झचा मज्जारज्जू-उद्दीपक मंजूर केला. त्याच वर्षी लठ्ठपणासाठी व्हेगस नस अडवणारे यंत्रही.

दोन लहरींच्या मिश्रणाचा विचार पुन्हा नव्याने गाजला तो २०१७ मध्ये. निर ग्रॉसमन आणि एमआयटीच्या एड बॉयडन यांच्या गटाने उंदराच्या डोक्यावर २००० आणि २०१० हर्ट्झच्या लहरी बाहेरून लावल्या आणि मेंदूच्या आतल्या पेशी १० च्या ठोक्याला हलवल्या, वरचा थर न हलवता. म्हणजे सातऱ्यावरची बाई ज्या यंत्राला कंबर देते त्याचाच सुधारलेला भाऊ. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटाने मॉडेल चालवून दाखवले की पेशी केवळ वेगवान लहर गाळून टाकते म्हणून हे घडत नाही. गाळणीतून १० चा ठोका निघूच शकत नाही, कारण तो मूळ प्रवाहात वेगळा नसतोच. आयनमार्गांचे वळणदार गणित तो ठोका तयार करते. आणि वाटेतल्या, लक्ष्य नसलेल्या नसा जोराच्या लहरीने बंद पडण्याचा धोकाही त्यांनी नोंदवला. वळणाशिवाय काहीच घडत नाही, हे तिच्या वहीतल्या घनाने आधीच सांगितले होते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर तिने एका संध्याकाळी दिले. पेशीचे पटल विजेच्या दृष्टीने धारित्र आहे, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक मायक्रोफॅरडचे. वेगाने दिशा बदलणारा प्रवाह त्यातून आरपार निघून जातो, आणि जाता जाता विद्युतदाब थोडासाच हलवतो. वेग जितका जास्त तितके हे हलणे कमी. म्हणूनच शस्त्रक्रियेत कॉटरीचा प्रवाह सेकंदाला लाखो आवर्तनांचा ठेवतात: तो ऊतक जाळतो, पण रुग्णाचा स्नायू आखडत नाही. १८९०च्या दशकात पॅरिसमध्ये आर्सेन दार्सोन्व्हाल यांनी ही गोष्ट दाखवून दिली होती. "म्हंजे बाकीचा करंट नुसता पाहुना," आई म्हणाली. "बसत नाई, पन घरातले सांभाळून राह्यते." प्राध्यापिकेने ते वहीच्या समासात लिहून ठेवले, कारण सरासरीच्या सिद्धान्ताचे ते चांगले विधान आहे.

करंटने आईची कंबर बरी झाली का? थोडा आराम पडतो, दोन-चार दिवस टिकतो. या उपचाराने दुखणे कमी होण्यात दोन लहरींच्या मिश्रणाचा नेमका वाटा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. सातऱ्यावर खाली बसून कंबर मोडणे थांबले तर यंत्राची गरजच कमी होईल, असे प्राध्यापिका ठामपणे म्हणते. बसायला पाटाची उंची, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मधली सुट्टी या गोष्टींना विकल समीकरण लागत नाही.

तिच्या वर्गात आता तिसऱ्या वर्षाला हे मॉडेल असते. कुही, उमरेड, भिवापूरहून येणारी मुले-मुली ते संगणकावर चालवतात. बसने ये-जा करण्यात बराच वेळ जातो, तरी ही तासिका सहसा कोणी चुकवत नाही. पहिल्यांदा न्यूरॉन ०.४५ ला जागा होतो तेव्हा वर्गात आवाज होतो. कुणीतरी हमखास म्हणते, "मॅडम, पुढं वाढवून पाहू का?"

गणित घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे एकदा स्वतः करून पाहावे, असा तिचा आग्रह आहे. ऑक्टेव्ह किंवा पायथन फुकट मिळते, सविस्तर पेशींसाठी 'न्यूरॉन' नावाचे सॉफ्टवेअरही फुकट आहे, आणि साध्या लॅपटॉपवर काम होते. मूल्ये वर दिलीच आहेत. लहरीची वारंवारिता न्यूरॉनच्या स्वतःच्या लयीपेक्षा निदान शंभरपट ठेवावी, पायरी आवर्तनाच्या शंभराव्या भागाइतकी घ्यावी, र शून्यापासून दीडपर्यंत न्यावा, आणि प्रत्येक टप्प्यावर पायरी अर्धी करून उत्तर तेच येते का ते तपासावे.